परदेशातलं छात्राध्यापन संपवून पुण्यात परतताना: कागदांपासून वर्गापर्यंत

इंग्लंडमधल्या शाळा जुलैच्या उत्तरार्धात उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बंद होतात. पुण्यातल्या शाळा तोवर महिनाभर चालू असतात, वह्यांना कव्हरं घालून झालेली असतात आणि पहिली घटक चाचणी तोंडावर आलेली असते. म्हणजे तिकडचं वर्ष संपवून तुम्ही विमानातून उतरता तेव्हा इथली गाडी चालू लागलेली असते. मी २०१८ साली इंग्लंडमध्ये माध्यमिक गणिताचं शिक्षक-प्रशिक्षण पुरं करून परतले, तेव्हा हे साधं वेळापत्रकसुद्धा माझ्या डोक्यात नव्हतं. तिकडे जायचं कसं हे सांगणारे खूप भेटतात. परत येऊन इथल्या वर्गात उभं कसं राहायचं, हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणून हा लेख, ज्या क्रमाने कामं करावी लागतात त्याच क्रमाने.

आधी एक फरक लक्षात घ्या. काही जण इथल्या बी.एड.चा भाग म्हणून थोडे आठवडे परदेशी शाळेत जातात. त्यांची पदवी इथलीच असते, त्यामुळे समकक्षतेचा, म्हणजे परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची ठरवून घेण्याचा भाग त्यांनी सोडून दिला तरी चालेल. काही जण अख्खं प्रशिक्षणच तिकडे घेतात. त्यांनी कागदांची पायरी दोनदा वाचावी.

पहिली पायरी: निघण्याआधीचे सहा आठवडे

सर्वांत मोठी चूक इथेच होते, कारण शेवटच्या आठवड्यांत पाठ, मूल्यमापन, निरोप आणि सामान हे सगळं एकदम येतं. माझ्या हातून झालेली चूक अशी: अंतिम अहवाल मी उतरवून घेतला, पण माझ्या मार्गदर्शक बाईंनी दर आठवड्याला लिहिलेले शेरे विद्यापीठाच्या खात्यातच राहू दिले. पुण्यात आल्यावर काही आठवड्यांत ते खातं बंद झालं. 'प्रश्न विचारल्यावर तू उत्तरासाठी थांबत नाहीस' हे त्यांनी कितीदा आणि कोणत्या पाठाच्या संदर्भात लिहिलं होतं, ते मला आता फक्त आठवणीतून सांगता येतं. शिक्षक म्हणून माझी ती खरी कमाई होती.

म्हणून संस्थेच्या ईमेलमधलं आणि संगणकावरचं तुमचं स्वतःचं काम आधी बाहेर काढा: पाठ टाचणं, निरीक्षणाचे अहवाल, आठवड्याचे शेरे, तुम्ही बनवलेल्या कार्यपत्रिका. मुलांची नावं, गुण, फोटो, त्यांच्या वह्यांची पानं यांतलं काहीही उचलू नका. इंग्लंड-युरोपात मुलांच्या माहितीबद्दलचे कायदे कडक आहेत, आणि कायदा नसता तरी ती मुलं आपल्या ओळखपत्राला चिकटवायची चित्रं नाहीत. निरोपाला मुलांनी दिलेली हाताने केलेली कार्डं जरूर आणा, घरात जपा, समाजमाध्यमांवर टाकू नका.

दुसरं काम, शाळेकडून अनुभवाचं पत्र. तिकडच्या शाळा 'शिफारस थेट संस्थेला पाठवू' असं म्हणतात. इथल्या शाळेला मात्र हातात धरता येणारा कागद लागतो. शाळेच्या छापील पत्रावर, तारखांसह, पुढील गोष्टी स्पष्ट लिहून मागा: कोणत्या इयत्ता, मुलांचं वय, विषय, आठवड्याला किती तास स्वतंत्रपणे शिकवलं, वर्गात मुलं किती, एकूण किती दिवस. इंग्लंडमध्ये शिक्षक-प्रशिक्षणात किमान १२० दिवस शाळेत घालवावे लागतात. हा आकडा पत्रात आला तर खूप उपयोगी पडतो, कारण आपल्या दोन वर्षांच्या बी.एड.मधली आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा काळ, २० आठवड्यांची असते आणि मुलाखत घेणारे मनात लगेच तुलना करतात. पत्रावर शिक्का नसेल तर इथे हमखास विचारणा होते. तिकडे शिक्क्याची पद्धत फारशी नाही, तेव्हा निदान मुख्याध्यापकांची सही, हुद्दा आणि शाळेचा ईमेल पत्रावर असू द्या.

तिसरं, पोलिसांचा चारित्र्य दाखला. मुलांसोबत काम करणाऱ्याकडे तो चांगली शाळा मागणारच, आणि तुम्ही जिथे राहिलात त्या देशाचाही मागू शकते. इंग्लंडमध्ये तो 'एक्रो' या पोलिसांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून मिळतो, अमेरिकेत एफबीआयकडून. बोटांचे ठसे, पत्त्याचे पुरावे ही सगळी जुळवाजुळव तिथे राहत असतानाच सोपी असते.

चौथं, अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशांत चालणारा सरकारी शिक्का. ज्या देशाने कागद दिला त्याच देशाने त्यावर अपोस्टील लावायचं असतं. इंग्लंडच्या पदवीवर पुण्यात किंवा मुंबईत ते होत नाही. पदवी, गुणपत्रक आणि शिक्षक-पात्रतेचा दाखला या तिन्हींवर करून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टील मानणाऱ्या देशांच्या करारात आहे, कॅनडा २०२४ मध्ये आला, त्यामुळे जुन्या अनुभवी लोकांचे सल्ले देशानुसार तपासून घ्या.

पैशांचं थोडक्यात. घरभाड्याची अनामत आणि शेवटचं मानधन जमा झाल्याशिवाय तिकडचं बँक खातं बंद करू नका. इथल्या बँकेला परतल्याचं कळवा. परदेशात शिकणारा विद्यार्थी परकीय चलन कायद्याखाली अनिवासी धरला जातो, तेव्हा एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीचं) खातं असेल तर ते निवासी करून घ्यावं लागतं.

आणि निरोप. मुलांना किमान दोन आठवडे आधी सांगा. लहान मुलं विचारतात, 'मिस, तुम्ही परत कधी येणार?' खोटं आश्वासन देऊ नका. 'मी माझ्या गावच्या मुलांना शिकवायला चालले आहे' हे वाक्य माझ्या वर्गाला नीट समजलं होतं.

दुसरी पायरी: सामान

पुस्तकं जड असतात आणि शिक्षकाचं सामान म्हणजे पुस्तकंच. तिकडच्या मुलांच्या गोष्टींची निवडक पुस्तकं आणा. प्लास्टिकचे तक्ते, चुंबकं, छापील पोस्टर आणू नका, ती अप्पा बळवंत चौकात मिळतात आणि नसतील तर बनवून मिळतात. मी प्रत्येक मुलासाठी एक असा छोट्या पांढऱ्या फळ्यांचा गठ्ठा आणायचं ठरवलं होतं. तिकडे प्रत्येक मूल उत्तर लिहून फळा वर धरतं आणि कोणाला कळलं, कोणाला नाही, हे एका नजरेत दिसतं. वजनामुळे तो गठ्ठा तिथेच ठेवावा लागला. पुण्यात आल्यावर बाजारात दगडी पाट्यांची चळत दिसली आणि मी तिथेच थांबले. प्रत्येक मुलाच्या हातात लिहून पुसायचा फळा ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट. आपण ती पहिली-दुसरीनंतर सोडून दिली, एवढंच. आज माझ्या आठवीच्या वर्गात 'पाट्या वर' म्हटलं की पन्नास पाट्या वर येतात.

बहुतेक जण मुंबईत उतरतात. रात्रभराच्या प्रवासानंतर द्रुतगती मार्गावरून पुण्यापर्यंत साडेतीन-चार तास धरा, पावसाळ्यात घाटात जास्त. मूळ प्रमाणपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत कधीही नाही.

तिसरी पायरी: पहिले पंधरा दिवस घरी

पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना झोपेचं गणित जास्त बिघडतं. साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस द्या. सकाळचं ऊन घ्या, दुपारी झोपू नका, आणि या दिवसांत मुलाखत ठेवू नका.

मनाचं गणित याहून हळू सुटतं. नॉर्वेचे अभ्यासक लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत शिकून आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास केला. परक्या देशात सुरुवातीचा उत्साह, मग खाली घसरण, मग हळूहळू सावरणं, असा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख त्यांनी मांडला. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने त्याला दुसरा यू जोडला, कारण घरी परतल्यावर तीच घसरण पुन्हा होते. परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात मला उगाच रडू यायचं. तेव्हा हे माहीत असतं तर मी स्वतःला कृतघ्न समजले नसते.

घरच्यांना तुमचा आनंद हवा असतो आणि तो त्यांना लगेच हवा असतो. आई 'किती बारीक झालीस' म्हणत ताटात वाढत राहते, मावशी 'तिकडेच का नाही राहिलीस?' विचारते, सोसायटीतल्या काका-काकूंना पगार ऐकायचा असतो. उत्तराची दोन वाक्यं आधीच ठरवून ठेवा आणि तीच सगळ्यांना सांगा. माझी होती, 'शिकायला गेले होते, शिकून आले. आता इथल्या मुलांना शिकवायचंय.' सविस्तर बोलायला घरातलं एकच माणूस निवडा. माझ्याकडे आजी होती. तिला इंग्लंडच्या शाळेतलं जेवण, मुलांचे बूट, शाळेचं मैदान असं बारीकसारीक ऐकायला आवडायचं, आणि ते सांगता सांगता माझं मन जागेवर आलं.

याच पंधरवड्यात एक दोनशे पानी वही घ्या आणि तिकडचे दिवस लिहून काढा. रोज एक प्रसंग: काय शिकवत होते, मुलाने काय विचारलं, मी काय केलं, मार्गदर्शकांनी नंतर काय सांगितलं. शिफारशी, मोठे विचार लिहू नका, प्रसंगच लिहा. महिन्याभरात हे पुसट होतं. पुढे मुलाखतीत आणि वर्गात जे लागतं ते सगळं या वहीतून निघतं.

चौथी पायरी: कागदांची पुण्यातली बाजू

परदेशी पदव्यांची समकक्षता अनेक वर्षं भारतीय विद्यापीठ महासंघाकडून मिळत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये यासाठी स्वतःचे विनियम आणले. मात्र स्वतंत्र वैधानिक परिषदांच्या अखत्यारीतल्या व्यावसायिक पात्रता त्यांच्या बाहेर ठेवल्या आहेत, आणि शिक्षक-शिक्षणासाठी आपल्याकडे अशी परिषद आहे: राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, म्हणजे एनसीटीई. त्यामुळे तुमची पदवी आणि तुमचं शिक्षक-प्रशिक्षण हे दोन वेगळे प्रश्न समजा. शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल एनसीटीईला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. तिकडचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि इथला बी.एड. दोन वर्षांचा असेल तर कालावधीचा मुद्दा निघणारच, त्याची तयारी ठेवा. 'माझ्या मैत्रिणीचं झालं' यावर विसंबून नोकरी सोडू नका की फी भरू नका.

परदेशी शिक्षक-पात्रता हा इथला परवाना होत नाही. पहिली ते आठवीला शिकवायचं तर शिक्षक पात्रता परीक्षा लागते. राज्याची टीईटी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि तिचं कार्यालय पुण्यातच आहे. केंद्राची सीटेट सीबीएसई घेते. दोन्हींत पेपर एक पहिली ते पाचवीसाठी आणि पेपर दोन सहावी ते आठवीसाठी असतो, प्रत्येकी १५० गुणांचा, अडीच तासांचा. खुल्या गटाला उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. प्रमाणपत्र आता आजीवन चालतं. विनाअनुदानित शाळेला दोन्हींपैकी कोणतीही परीक्षा चालू शकते. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या भरतीसाठी याशिवाय अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी (दोन तासांत २०० प्रश्न) आणि मग पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं राज्य सरकारचं संकेतस्थळ.

प्राथमिकचं प्रशिक्षण घेऊन येणाऱ्यांनी इथे सावध राहावं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता चालत नाही, तिथे डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका हवी. त्यामुळे तिकडच्या प्राथमिक प्रशिक्षणाला बी.एड.समकक्ष ठरवून घेतलं तरी खालच्या वर्गांचं दार आपोआप उघडत नाही. आधी हा प्रश्न सोडवा, मग अर्ज करा.

जुलै-ऑगस्टमध्ये परतला असाल तर दिवाळीपर्यंतचा काळ परीक्षेच्या अभ्यासाला आणि शाळा बघायला द्या. वर्षाच्या मध्येच प्रसूती रजेच्या जागा निघतात, त्या कमी लेखू नका. मी तशाच जागेवर सुरुवात केली.

पाचवी पायरी: आपल्या शाळेची भाषा पुन्हा शिकणं

ही पायरी लोक गाळतात. मी पुण्यात मराठी माध्यमात शिकले, तरी वर्षभर इंग्रजीतून गणित शिकवून आल्यावर पहिल्याच सराव पाठात 'छेद' हा शब्द तोंडात येईना. लसावि, मसावि, गुणाकार व्यस्त, समच्छेद अपूर्णांक हे सगळं माहीत होतं, जिभेवर नव्हतं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तुमच्या विषयाची पाचवी ते आठवीची पुस्तकं उतरवा आणि मोठ्याने वाचा, खरोखर मोठ्याने. सेमी-इंग्रजी वर्ग मिळण्याची शक्यता असेल तर दोन्ही माध्यमांची पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, कारण सेमीच्या मुलाला संज्ञा इंग्रजीत आणि समजावणं मराठीत लागतं.

प्राथमिकच्या शिक्षकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं. इंग्रजीत सत्तेचाळीस म्हणताना दशक आधी येतं, मराठीत सात आधी ऐकू येतो आणि चाळीस नंतर. ४७ ऐकून ७४ लिहिणारं मूल दशक-एकक चुकत नसतं, ते कानाने ऐकलं त्याच क्रमाने लिहीत असतं. तिकडे हा घोळ दिसत नाही, इथे रोज दिसतो.

सहावी पायरी: आधी मागच्या बाकावर बसा

कोणत्याही ओळखीच्या शाळेत मुख्याध्यापकांना विनंती करा आणि आठ दिवस एखाद्या जुन्या, जाणत्या बाईंच्या किंवा सरांच्या वर्गात मागे बसा. परदेशात पहिले काही आठवडे निरीक्षणच केलं होतं ना? तोच मान इथल्या वर्गालाही द्या. मी बसले त्या बाईंनी ५२ मुलांच्या वर्गात एकदाही आवाज चढवला नाही. गडबड वाढली की त्या फळ्यावर लिहिणं थांबवून खडू हातात धरून उभ्या राहायच्या, बस. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात दिसलं नव्हतं.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ३० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात शहरातल्या नावाजलेल्या शाळांत एका तुकडीत पन्नासच्या पुढे मुलं असतात आणि तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची. तिकडची पद्धत जशीच्या तशी इथे उतरवली तर ती मोडते, आणि मग 'हे आपल्याकडे चालत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मी पहिल्याच आठवड्यात बाक हलवून सहा-सहाचे गट केले. दहा मिनिटं बाक सरकवण्यात गेली, शेजारच्या वर्गाचा तास बुडाला, आणि पर्यवेक्षिका बाईंनी मला समजुतीने बोलावून घेतलं. त्यांचं बरोबर होतं.

त्यानंतर मी महिन्याला एकच गोष्ट आणायची असं ठरवलं. पहिल्या महिन्यात फक्त थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब होतात, गप्प मुलंही बोलू लागतात. याला ना पैसे लागतात ना जागा. मनात सावकाश तीन मोजा. दुसऱ्या महिन्यात 'विचार कर, शेजाऱ्याला सांग, मग सगळ्यांना सांग'. एका बाकावर दोघं-तिघं असतातच, त्यामुळे गट आयता तयार असतो. तिसऱ्या महिन्यात पाट्या. चौथ्यात तास संपताना एका चिठ्ठीवर एक उत्तर. ५२ चिठ्ठ्या रोज वाचणं जमत नाही, म्हणून रोज एकाच रांगेच्या घ्या. आठवड्यात सगळा वर्ग वाचून होतो.

शिक्षकांच्या खोलीत बोलताना 'आमच्या तिकडे' या दोन शब्दांनी वाक्य सुरू करू नका. पहिलं सत्र तरी नकोच. कुणी विचारलं तर सांगा, आणि सांगतानाही तिकडे काय बिघडतं तेही सांगा. डबा सगळ्यांबरोबर खा. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना 'अपूर्णांकाचा भागाकार तुम्ही कसा सुरू करता?' असं मनापासून विचारा. मला त्याचं उत्तर कागदाच्या पोळीच्या घड्यांनी मिळालं, आणि ते मी आजही वापरते.

सातवी पायरी: मुलाखत आणि नमुना पाठ

खासगी शाळांच्या जाहिराती प्रामुख्याने फेब्रुवारी ते मे दरम्यान येतात. नमुना पाठ बहुधा वीस मिनिटांचा असतो आणि समोर मुलं असतातच असं नाही, कधी नुसतेच परीक्षक असतात. पाठ इथल्या पाठ्यपुस्तकातला घ्या, उदाहरणं पुण्यातली घ्या: पीएमपीएमएल बसचं तिकीट, मंडईतला भाव, खडकवासल्याचा पाणीसाठा. प्रोजेक्टरवर अवलंबून राहू नका, फळा आणि खडू पुरे. 'परदेशात काय शिकलात?' या प्रश्नाला पद्धतींची नावं घेऊ नका. वहीतला एक प्रसंग सांगा, मुलाची चूक, तुम्ही काय केलं, दुसऱ्या दिवशी काय झालं. 'परत का आलात?' हेही विचारतील. तिथे घरच्यांना दिलेलंच उत्तर द्या.

आठवी पायरी: तिकडचा धागा

पहिल्या सत्रानंतर, दिवाळीच्या सुट्टीत, तुमच्या मार्गदर्शकांना एक पत्र लिहा. काय जमलं नाही तेही लिहा. पुढे शिफारशीसाठी त्यांचीच गरज पडते हा एक भाग झाला. पण त्यांनी तुमच्यावर वर्षभर कष्ट घेतले, त्याचं काय झालं हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. मी माझ्या बाईंना पाट्यांबद्दल लिहिलं आणि मुलांचा चेहरा न दिसेल असा पन्नास पाट्यांचा फोटो जोडला. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: तिसऱ्या रांगेतल्या चार पाट्यांवर एकच चूक दिसते आहे, उद्या तिथून सुरू कर.